दुपारचं पेट्रोल

मी एकतीस वर्षं मद्रासजवळच्या आवडीला रणगाड्यांच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला काढली. संशय घ्यायचाच पगार होता मला. दुसऱ्याने ‘झालं’ म्हटलं की आपण ‘दाखवा’ म्हणायचं, एवढंच काम. रिटायर झालो म्हणून सवय सुटते की काय? भाजीवाल्याच्या तागडीखाली अजूनही हात घालून बघतो मी, चुंबक लावलंय का ते. आमची प्रमोदिनी म्हणते, "अहो शरदचंद्र, तुम्ही देवळातल्या प्रसादाचाही नमुना काढाल." काढीन! काढायला काय झालं?

हे आधीच सांगतोय, कारण दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात माझ्या याच सवयीपायी राणोजी राव नावाच्या माणसाची रोजीरोटी गेली. नुसती रोजीरोटी गेली असती तर मी आज तुमचा वेळ घेतला नसता.

गाडीपासून सुरुवात करतो. आधी ती सैन्याची ॲम्ब्युलन्स होती, जुनी, पेट्रोल इंजिनाची. लिलावात निघाली तेव्हा कोडंबाक्कमच्या कुणा सिनेमावाल्याने घेतली आणि नट्यांच्या मेकअपसाठी सजवली. आत पलंग, बेसिन, गॅसची शेगडी, भिंतभर आरसा. त्याचे सिनेमे पडले असावेत. माझ्याकडे आली तेव्हा आरशाला अकरा टिकल्या चिकटलेल्या होत्या. प्रमोदिनीने त्या खरवडून काढल्या आणि म्हणाली, "या वयात हे कसलं खूळ?" पण पडदे तिनेच शिवले. कन्याकुमारीपर्यंत जायचं, मन मानेल तिथे थांबायचं, गाडीतच पिठलंभात टाकायचा, असा बेत होता आमचा.

आम्ही राहतो मद्रासमधे, वेलचेरीत. चार मजली सहा इमारती, अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं, बहुतेक कॉम्प्युटरवाली पोरं. इमारतीखाली खांबांमधे गाड्या लागतात, पण आमची गाडी उंच, तिथे शिरेना. म्हणून ती मागच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीशी, उघड्या उन्हात उभी असायची. तिथून दहा पावलांवर राणोजीची शेड.

राणोजी तंजावरचा मराठा. त्याचे पूर्वज तिकडे जाऊन तीनशे वर्षं झाली, तरी घरात मराठीच, जुन्या पोथीतून उतरल्यासारखी. आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी हमालांवर ओरडत होतो. ते ऐकून हा हात पुसत शेडीबाहेर आला आणि म्हणाला, "तुम्ही आमचेच की, सार्!" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पण लगेच मनात आलं, इतकं गोड बोलतोय, याला काय हवंय?

त्याला काही नको होतं. तो सगळ्यांच्या स्कूटरी, गाड्या बघायचा, पाण्याचा पंप आणि जनरेटर चालता ठेवायचा, आणि त्याच्या बदल्यात असोसिएशनने त्याला ती पत्र्याची शेड वापरायला दिली होती. बाहेरची कामंही तिथेच घ्यायचा. बायको वारलेली. एक मुलगी, गोदा, कॉलेजात शिकणारी. बाप-लेकीचं सगळं त्या शेडीवर.

एप्रिलमधे मी गाडीची टाकी काठोकाठ भरून आणली. पेट्रोलचा काटा अर्थातच मेलेला, म्हणून मी सागवानी पट्टीवर खुणा करून डिपस्टिक बनवली होती. रोज सकाळी सहाला खाली जायचं, टाकीचं झाकण काढायचं, पट्टी बुडवायची, वहीत नोंद करायची. पहिल्या पाळीचं इन्स्पेक्शनच म्हणा ना. दुसऱ्या दिवशी पेट्रोल एक बोट कमी. तिसऱ्या दिवशी आणखी एक बोट. गाडी तर जागची हललेली नव्हती.

मी गाडीखाली शिरलो. टाकी चाचपली. कोरडी ठणठणीत! खाली पुठ्ठा पसरून ठेवला, दुसऱ्या सकाळी काढून बघितला. पुठ्ठा कोरडा, आणि पेट्रोल पुन्हा कमी. गळत नाही आणि कमी होतं, म्हणजे काय? कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते माणसाच्या हातून मुरतंय. एकतीस वर्षांचा अनुभव मला दुसरं काही सुचूच देईना.

प्रमोदिनीने त्यात भर घातली. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, दुपारी खिडकीतून पेट्रोलचा वास येतो."

"किती वाजता?"

"दीड-दोनला. तुम्ही घोरत असता तेव्हा."

घोरण्याचं सोडा. दीड-दोनला वेलचेरीत कुत्रंसुद्धा सावलीतून हलत नाही. पोरं ऑफिसात, बायका आत, वॉचमन खुर्चीत मान टाकून. मागच्या अंगणात त्या वेळी जागं असणारं एकच माणूस. मी वहीत लिहिलं: दुपारी दीड ते दोन, राणोजी. खाली दोन रेघा ओढल्या.

तरी मी थेट बोललो नाही. चोराला आधी बोलतं करावं. मी त्यालाच बोलावलं आणि म्हटलं, "राणोजी, जरा बघा हो, टाकीतून काही जातंय का." वॉचमनही गंमत बघायला येऊन उभा राहिला. राणोजी पोतं टाकून गाडीखाली गेला. बोटाच्या पेराने टाकी ठोकली, नाक लावलं, बराच वेळ कुठेतरी हात घालून चाचपत राहिला. बाहेर आला तेव्हा आधी वॉचमनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सार्, टाकीस श्वास नाही," तो म्हणाला. "ऊन चढलं की आंत वाफ धरते, तिला बाहेर जायला वाट नाही. टाकी खालीं उतरवून पाहूं."

आता हे मला ठाऊक नसेल? कुठल्याही टाकीला हवेची नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. उन्हाने वाफ झाली की तिच्यातून बाहेर, पेट्रोल संपत गेलं की तिच्यातून हवा आत. ती बंद झाली की टाकी एकदा फुगते, एकदा आत ओढली जाते. मी असल्या शेकडो टाक्या पास केल्यात. मी म्हटलं, "ब्रीदर मी स्वतः फुंकून बघितलाय."

"केव्हां, सार्?"

तो ‘केव्हां’ मला असा झोंबला! इन्स्पेक्टरला तारीख विचारतोय! "केव्हा म्हणजे? बघितलाय म्हणजे बघितलाय," मी म्हणालो. त्याने हात पुसले. पोतं झटकून गेला. मी मनात म्हटलं, भरलेली टाकी उतरवून हवीय का रे तुला? वा रे वा.

मग मी पुदुपेटला गेलो, जुन्या गाड्यांचे भाग मिळतात तिथे, आणि टाकीला कुलपाचं झाकण आणलं. आधीचं झाकण सैन्याच्या वेळचं, ढिलं, कसंबसं बसायचं. हे नवं रबरी चकतीचं, घट्ट, किल्ली फिरवली की मुंगीसुद्धा शिरायची नाही. त्या दिवशी मी कसा खुशीत झोपलो म्हणून सांगू!

आणि मग एका दिवसात तीन बोटं पेट्रोल गेलं.

माझं डोकंच फिरलं. मी कुलूप लावतो म्हणून हा तिप्पट काढतो? मस्तीच आहे ही! झाकणातून नाही तर टाकीच्या बुडाच्या नटातून काढत असेल. मी त्या नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला, निम्मा नटावर, निम्मा टाकीवर. फॅक्टरीत माझी खूणच होती ती. नट फिरवला की ठिपका तुटलाच पाहिजे. सकाळी बघतो तर ठिपका शाबूत. तुमच्यासारखा माणूस म्हणाला असता, चला, नटाला कुणी हात लावलेला नाही. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, बेटा हुशार आहे, पाइप सोडवून काढतोय.

त्यातच आम्ही मामल्लपुरमला निघालो, गाडीची चाचणी म्हणून. प्रमोदिनीने दशम्या आणि दाण्याची चटणी बांधून घेतली होती. समुद्राकाठच्या रस्त्याला लागलो आणि मुट्टुकाडूच्या अलीकडे इंजिन खोकलं, धडपडलं, बंद पडलं. मी सगळं तपासलं. शेवटी झाकणाला किल्ली लावली तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकण लावलं, गाडी सुरू झाली. तीन-चार मैलांवर पुन्हा तेच.

प्रमोदिनी दशमीचा घास हातात धरून म्हणाली, "तो राणोजी श्वासाचं काहीतरी म्हणत होता ना?"

"म्हणत होता ना! बरोबर!" मी ओरडलो. "त्यानेच काहीतरी करून ठेवलंय, म्हणून तर त्याला आधीच माहीत!"

तिने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "धन्य आहे तुमची," म्हणाली आणि घास तोंडात टाकला. आम्ही अर्ध्या वाटेतून परत आलो. येताना पाच वेळा झाकण उघडलं.

पुढचा दिवस रविवार. मी सकाळीच शेडीत गेलो. राणोजी कार्ब्युरेटर धूत होता. बाजूला प्लॅस्टिकचा कॅन, पाच लिटरचा, त्यात पेट्रोल. मेकॅनिकच्या शेडीत पेट्रोल नसेल तर काय गुलाबपाणी असेल? पण मला त्या वेळी तो कॅन म्हणजे रंगेहाथ मुद्देमाल दिसला. मी तो उचलला आणि बाहेर येऊन मोठ्याने ओरडलो. पोरं गॅलरीत आली. असोसिएशनचा सेक्रेटरी उपेंद्र चप्पल ओढत खाली उतरला. हा आपल्याच सांगलीकडचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, वय तिशीचं.

"हे कुठलं पेट्रोल रे?" मी राणोजीला विचारलं. दोन वर्षं ‘तुम्ही’ म्हणत होतो, त्या क्षणी ‘तू’वर आलो. माझं मलाच ते ऐकू आलं, पण थांबलो नाही.

"पुर्जे धुवायचं, सार्. रोजचं."

"रोजचं! ऐकलंत? रोजचं!"

उपेंद्र म्हणाला, "काका, आरडाओरडा नको. तुम्ही लेखी द्या. तुम्ही सही केलीत तर मी शेडीचं बघतो. आधीच दोघा-तिघांचं म्हणणं आहे की ती जागा मोकळी करावी."

लेखी द्यायला मला काय सांगावं लागतं? वर गेलो, इन्स्पेक्शनच्या रिपोर्टसारखा एक कागद इंग्रजीत खरडला: तारखा, बोटं, वेळ, वास, कॅन. प्रमोदिनी दारात आडवी उभी राहिली. "तुम्ही डोळ्यांनी बघितलंत का त्याला काढताना? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका हो." मी म्हटलं, "संन्याशाच्या हाताला पेट्रोलचा वास कसा येतो मग?" आणि तिला बाजूला सारून खाली गेलो. उपेंद्रसमोर सही केली.

तोवर गोदा आली होती. रविवारी ती बापाला डबा घेऊन यायची. शेडीच्या दाराशी डबा धरून उभी होती, वीस वर्षांची पोर, दोन वेण्या. राणोजीने तिच्याकडे बघितलं नाही. तो मला म्हणाला, "सार्, कागद इंग्रजींत आहे. मराठींत वाचा."

मला आज कळतं त्याने तसं का म्हटलं ते. त्याला वाटलं असणार, इंग्रजीत हा काहीही लिहील, पण घरच्या भाषेत, माझ्या तोंडावर, हे असलं याच्याने म्हणवणार नाही. माणसाने माणसावर टाकलेला शेवटचा भरवसा होता तो. आणि मी वाचलं. खणखणीत वाचलं. "माझ्या गाडीतलं पेट्रोल राणोजी राव चोरतो, असा माझा संशय आहे. याला आवारात ठेवू नये." गॅलरीतल्या निम्म्यांना मराठी कळत नव्हती. गोदाला शब्द न् शब्द कळला.

राणोजीने एक शब्द काढला नाही. मी म्हटलं, बघा, गप्प बसला, खाई त्याला खवखवे. संध्याकाळपर्यंत त्याने हत्यारं तीनचाकी गाड्यावर लादली. पंपाची किल्ली वॉचमनच्या हातात दिली, जनरेटरमधे तेल किती आहे तेही सांगून गेला. सोमवारी शेडीला असोसिएशनचं कुलूप.

मंगळवारी सकाळी मी पट्टी बुडवली. तीन बोटं कमी.

बुधवारी पुन्हा तीन.

तुम्हाला वाटेल, आता तरी माझे डोळे उघडले असतील. कसले उघडतात! मी म्हटलं, याचा साथीदार आहे. किल्ली कुणाला देऊन गेला? वॉचमनला! मी वहीत वॉचमनचं नाव लिहायला घेतलं, तेव्हा प्रमोदिनीने माझ्या हातातून पेन्सिल ओढून घेतली. तिला मी इतकं चिडलेलं लग्नानंतर दोनदाच बघितलं असेल.

"रोज सकाळी सहाला काय बघता टाकीखाली? वास दुपारी येतो ना? मग दुपारी खाली जाऊन पडा! का तुमची फॅक्टरी दुपारी बंद असते?"

मी चरफडत उतरलो. दोन वाजले होते. मेमधलं मद्रासचं ऊन, सिमेंट असं तापलेलं की पोत्यातून पाठ भाजत होती. ती छत्री धरून उभी. मी टाकीखाली मान घातली आणि बघितलं.

टाकीच्या दोन पत्र्यांच्या सांध्यातून थेंब सुटत होता. एक सुटला, खाली सिमेंटवर पडला, आणि मी बघता बघता नाहीसा झाला. डागसुद्धा राहिला नाही. मग दुसरा. मग तिसरा. टाकीला हात लावला तर ती फुगून टणक झालेली. सकाळच्या गारव्यात आतली वाफ बसायची, सांधा मिटायचा, थेंब थांबायचा, आणि मी शहाणा नेमका तेव्हा येऊन ‘कोरडी’ असा शेरा मारायचो. पुठ्ठाही मी सकाळीच बघितला होता; त्यावर थेंब पडला असता तरी तोवर केव्हाच उडून गेला असता.

वाफ बाहेर का पडत नव्हती? मी ब्रीदरची नळी हाताने चाचपत गेलो, चौकटीच्या वर, मागे, पार टोकापर्यंत. आणि टोकाला बोटांना रबर लागलं.

बूच. रबरी बूच, वरून तार, दुहेरी पिळाची, टोक आत दुमडलेलं. आणि पिळावर पिवळा ठिपका.

अहो, तो पीळ माझा होता. माझ्या हातचा पीळ मी झोपेतही ओळखीन. दोन हजार पाचच्या पुरात वेलचेरीत गुडघाभर पाणी चढलं तेव्हा मी धावत खाली आलो होतो आणि पाणी टाकीत शिरू नये म्हणून ब्रीदरला बूच मारलं होतं. फॅक्टरीत आम्ही तेच करायचो. रणगाडा पाण्यात उतरवायच्या आधी सगळ्या नळ्यांची तोंडं बंद करायची, पाण्यातून आला की उघडायची. पण तिथे बूच मारल्याची एक सही असायची आणि काढल्याची दुसरी सही. दुसरी सही झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. इथे कोण सही घेणार माझी? पूर ओसरला, आम्ही पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेलो, तिथे दोन महिने राहिलो, आणि बूच राहिलं ते राहिलं. जुन्या ढिल्या झाकणातून टाकी कशीबशी हवा घेत होती, दुपारी वाफही तिथूनच सोडत होती; रोजचं एक बोट जायचं ते तसं. मग मी चोरासाठी कुलूप आणलं आणि तेही तोंड बंद केलं. कोंडलेल्या वाफेने जुना सांधा उकलला, आणि मुट्टुकाडूला टाकी आत ओढली गेली तेव्हा तो आणखी चिरला.

मी तार सोडवली. बूच उपटलं तसा वाफेचा फूत्कार तोंडावर आला. डोळ्यांत पाणी आलं, आणि मी म्हणेन ते पेट्रोलने आलं.

"काय हो? काय मिळालं?" प्रमोदिनी वाकून विचारत होती.

मी बूच तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं, पिवळ्या ठिपक्यावर अंगठा फिरवला. तिला तो रंग ओळखीचा. घरातल्या सगळ्या डब्यांच्या झाकणांवर मीच दिलाय. ती एवढंच म्हणाली, "काखेत कळसा." पुढचं म्हणालीच नाही. छत्री मिटून वर निघून गेली.

संध्याकाळी मी उपेंद्रला गाठलं, सगळं सांगितलं. तो फोनवरून मान वर न करता म्हणाला, "अरेरे. पण काका, ती शेड आता नव्या जनरेटरला दिली. कमिटीचं ठरलं. तुम्ही वाटल्यास एक माफीचा मेल टाका ग्रुपवर." मेल टाका! त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण सही कुणाची होती?

राणोजीचा पत्ता वॉचमनने दिला, ज्याचं नाव मी वहीत लिहिणार होतो त्यानेच. एन्नोरला, मेव्हण्याकडे. मी बूच खिशात घातलं, बसने सेंट्रल स्टेशनला गेलो, तिथून गुम्मिडिपूंडीची लोकल पकडली. एन्नोरला उतरलो तर हवेतच वीजकेंद्राची राख. कोळशाच्या लॉऱ्यांची रांग लागलेली, आणि त्या रस्त्याच्या कडेला दुसऱ्याच कुणाच्या शेडीत राणोजी एका लॉरीखाली पडलेला. पन्नाशीचा माणूस, चोवीस वर्षं स्वतःचं काम केलेला, आता दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर.

मला बघून तो बाहेर आला. "या, सार्," म्हणाला. नेहमीसारखंच म्हणाला.

मी बूच पुढे केलं. त्याने ते हातात घेतलंच नाही. "हें मीं पाहिलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशीं."

"मग सांगितलंत का नाही?"

"सांगटलों की. श्वास नाही म्हणून सांगटलों. तुमच्याच हातची तार आहे, हें कसं सांगूं? वॉचमन उभा होता."

माझा चेहरा वॉचमनसमोर पडू नये म्हणून.  "अहो, पण रविवारी तरी! सगळ्यांसमोर मी चोर ठरवलं तुम्हाला. तेव्हा तरी तोंड उघडायचं!"

"बोलणार होतों, सार्. तुम्ही मराठींत वाचलांत. मग मज कांहीं बोलवेना."

मी म्हटलं, मी सगळ्यांसमोर माफी मागतो. लेखी देतो. शेडीसाठी कमिटीशी भांडतो. तुम्ही परत चला. तो ऐकत राहिला. हातातला पाना फडक्याने पुसत होता, पुसून झाला तरी पुसत होता.

"तुम्हांस संशय आला, त्याचं मज कांहीं नाही," तो म्हणाला. "तुमचं कामच तें. पण त्या दिवशीं घरीं गोदीनं विचारलं. जेवण वाढलं, माझ्या हातांकडं पाहिलं, आणि विचारलं, अप्पा, घेतलंत का?" त्याने पाना खाली ठेवला. "हात रोजचेच, सार्. लहानपणापासून ह्याच हातांनीं भरवलंय तिला. कधीं विचारलं नव्हतं."

लॉरीवाल्याने हॉर्न मारला. राणोजीने त्याला हाताने थांबवलं.

"घेतलं नाही म्हणून सांगटलों. ती हो म्हणाली. पण ती उगीच हो म्हणाली, सार्. बापास कळतं. शेड नको, कमिटी नको. तिला येवढं सांगा. तुम्हीच सांगा, आणि मराठींत सांगा."

त्याचं घर पाच मिनिटांवर होतं. मेव्हण्याच्या घरामागची एक खोली, पत्र्याचं छप्पर, दारात दोन दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. गोदा वाचत बसली होती. मला बघून ती उठून भिंतीला टेकली. मी वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती. तिने शिव्या दिल्या तर खायच्या, दार लावलं तर बाहेरून बोलायचं, असं सगळं ठरवून आलो होतो.

मी उभ्यानेच सांगितलं. "गोदा, पेट्रोल कुणीही घेतलेलं नव्हतं. टाकी माझ्याच चुकीने गळत होती. तिची नळी मी बंद केली होती आणि विसरलो होतो. तुझ्या वडिलांना ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझी लाज राहावी म्हणून ते बोलले नाहीत. आणि मी त्यांना चोर म्हटलं."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे दारात बाप उभा होता, त्याच्याकडे बघत होती. मग ती तमिळमधे म्हणाली, "मन्निचुडुंगो, अप्पा." मला क्षमा करा. इतक्या वर्षांत मला तमिळ फारसं आलं नाही, पण एवढं येतं.

"तुझी काय चूक?" मी म्हणायला गेलो. "चूक माझी आहे, बाळ, मी मागायला आलोय..." पण ते माझ्याशी बोलणं नव्हतंच. राणोजी तिच्याजवळ गेला, डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागे घेतला. ग्रीसचा होता. तिने तो ओढून आपल्या डोक्यावर ठेवला, तेव्हा त्याने मान फिरवली. त्याला तिच्याकडे बघवेना.

मी निघालो. राणोजी म्हणाला, "बसा, सार्. पहिल्यांदा घरीं आलांत. कापी घेऊन जा." मी नको म्हणत राहिलो, त्याने खुर्ची पुसून पुढे केली. गोदा आडोशाला गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला आणि त्या आवाजाच्या आडून तिचं रडणं. स्टोव्हचा आवाज मोठा आहे, बाहेर ऐकू जाणार नाही, असं तिला वाटलं असावं.

राणोजी माझ्यासमोर पाटावर बसला होता. आम्ही दोघंही ते ऐकत होतो. मग ती डोळे पुसून बाहेर आली आणि कॉफीचा पहिला पेला तिने मला दिला.